आजी घरी असलेली मुलं: हंगामी वसतिगृहाचा परिणाम मोजण्याचं एक प्रकरण

दसरा सरला की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते. मग ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात त्या सांगली, सातारा, कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर, ऊस तोडायला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. मूल बरोबर गेलं की त्याचं जवळपास निम्मं शालेय वर्ष जातं. त्यातून ती दहा-बारा वर्षांची मुलगी असेल, तर धाकट्या भावंडाला सांभाळणं, पाणी आणणं, पहाटे उसाच्या फडात गेलेल्या आईबापांसाठी भाकरी थापून ठेवणं हे सगळं तिच्याकडे येतं.

हे थांबावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावातली शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. नावात वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी मूल रात्री झोपतं ते आजी-आजोबांच्या नाहीतर चुलत्याच्या घरी. सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाचं, दुपारची खिचडी शालेय पोषण आहाराची. योजना साधी आहे आणि गरजेची आहे. तिचा उपयोग किती झाला हे सांगणं मात्र अजिबात साधं नाही. इथे तेच एका तालुक्याच्या प्रकरणातून उलगडलं आहे. शाळांचे आणि मुलांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. चुका मात्र अशा मोजणीत नेहमी होतात त्याच आहेत.

पहिला अहवाल

तालुक्यात ४० शाळांत हंगामी वसतिगृहं चालली. तिसरी ते पाचवीच्या पटावर ऊसतोड कुटुंबांतली १,००० मुलं. त्यांतली ६०० वसतिगृहात राहिली, ४०० आईबापांबरोबर गेली. मार्चच्या शेवटी वाचन तपासलं. वसतिगृहातली ५४० मुलं हजर होती, त्यांतल्या ३२४ जणांनी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचली: ६० टक्के. गेलेल्यांपैकी तोवर १२० मुलं परतली होती, त्यांतल्या ३६ जणांनी गोष्ट वाचली: ३० टक्के. अहवालाचं वाक्य तयार झालं: ‘वसतिगृहामुळे वाचनात ३० अंकांची वाढ.’

हे वाक्य चुकीचं आहे. कुणी फसवलं म्हणून नव्हे. मोजणाऱ्यांनी प्रामाणिकपणे मोजलं आणि तरीही ते चुकलं. म्हणूनच ते सावकाश सोडवून बघायला हवं.

पहिला प्रश्न: या दोन्ही गटांतली मुलं सप्टेंबरात सारखीच होती का? शाळांकडे सप्टेंबरची तपासणी होती, पण अहवालात ती घेतलीच नव्हती. ती काढली तर दिसतं की वसतिगृहात राहिलेल्या ६०० पैकी २७० मुलं, म्हणजे ४५ टक्के, ट्रक निघण्याआधीच गोष्ट वाचत होती. गेलेल्या ४०० पैकी १२०, म्हणजे ३० टक्के. दरी आधीपासूनच १५ अंकांची होती. राहिलेली मुलं ४५ वरून ६० वर गेली, गेलेली ३० वर ३० राहिली. म्हणजे परिणाम ३० चा नाही, फार तर १५ चा.

दुसरा प्रश्न: मार्चमध्ये तपासलेली १२० मुलं म्हणजे गेलेली ४०० मुलं का? नाहीत. मार्चच्या आत कोण परत येतं? ज्या घरात कुणी आजारी पडलं, ज्या बाईचं बाळंतपण जवळ आलं, ज्या टोळीचं मुकादमाशी फिसकटलं. ही घरं अडचणीतली असतात. याच १२० मुलांची सप्टेंबरची पानं वेगळी काढली तर गोष्ट वाचणारी ३० निघतात, २५ टक्के. मार्चमध्ये ३६, म्हणजे ३० टक्के. अर्थ असा, की बाहेर राहूनही ती ५ अंकांनी वाढली. १५ मधून ५ वजा, उरले १०.

तिसरा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही: वसतिगृहातली ६०० मुलं होती, तपासली ५४०. ६० कुठे गेली? काही संक्रांतीच्या सुमारास आईबाप येऊन घेऊन गेले, काही नुसती यायची थांबली. सप्टेंबरच्या नोंदीत या ६० पैकी फक्त ११ जण गोष्ट वाचत होते. म्हणजे गळाली ती मुख्यतः कच्ची मुलं. उरलेल्या ५४० मध्ये सप्टेंबरातच २५९ जण, ४८ टक्के, वाचणारे होते. त्यांची खरी वाढ ४८ वरून ६०, म्हणजे १२. त्यातून परतलेल्यांचे ५ वजा केले की उरतात ७.

तीसाचे पंधरा, पंधराचे दहा, दहाचे सात. एकही मूल बदललं नाही, एकही चाचणी पुन्हा घेतली नाही. फक्त ज्याची तुलना करायची त्याच्याशीच केली.

आणि हे सातही भक्कम नाहीत. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, कारण शिक्षक एक, गाव एक, त्यामुळे ५४० मुलांची माहिती ५४० सुट्या मुलांइतकी मोलाची नसते. शाळेमागे सरासरी साडेतेरा मुलं आणि शाळेच्या आतला सारखेपणा ०.२ धरला (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळी एकसारखी), तर साडेतेरातून एक वजा करून १ + १२.५ × ०.२ = ३.५. ५४० ला ३.५ ने भागलं की उरतात साधारण १५४. एवढ्या मुलांवरून काढलेल्या ६० टक्क्यांत दोन्ही बाजूंना सुमारे ८ अंकांची चूक सहज बसते. तीच मुलं दोनदा तपासली असल्याने वाढीच्या आकड्यातली चूक थोडी कमी होते, पण दुसऱ्या बाजूला आहेत फक्त १२० मुलं. तेव्हा ‘७ अंक वाढ झाली’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि ‘काहीच झालं नाही’ असंही म्हणता येत नाही. प्रत्येक शाळेत जास्त मुलं तपासून हे सुटत नाही. जास्त शाळा घ्याव्या लागतात. खर्चाचा अंदाज करताना हा मुद्दा हमखास सुटतो.

राहणारं मूल कोणामुळे राहतं

वाचनाचा आकडा बाजूला ठेवला तरी मूळ अडचण उरतेच. वसतिगृहाचा पहिला हेतू वाचन हा नाही, मूल गावात राहावं हा आहे. इथे गावातल्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट अहवालात येत नाही: ज्याच्या घरी धडधाकट आजी आहे, ते मूल वसतिगृह नव्हतं तेव्हाही मागे राहत होतं. दोन वेळचं जेवण मिळालं की आजीचा भार हलका होतो, मूल बरं जेवतं, आणि ते स्वतःच मोलाचं आहे. पण ‘या योजनेने स्थलांतर थांबवलं’ या वाक्यात ते मूल मोजता येत नाही.

मुलं तीन प्रकारची असतात. काही काहीही झालं तरी राहणारी, काही काहीही झालं तरी जाणारी, आणि मधली, ज्यांच्या आईबापांचा निर्णय वसतिगृहामुळे फिरला. परिणाम फक्त या मधल्यांचा. ती कपाळावर शिक्का घेऊन येत नाहीत, म्हणून खुणा शोधाव्या लागतात. सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे मागच्या दोन हंगामांत मूल कुठे होतं. ते हजेरीपत्रकात सापडतं: नोव्हेंबर ते मार्च सलग रिकाम्या चौकटी असतील तर मूल गेलं होतं. मागच्या दोन्ही वर्षी गेलेलं आणि यंदा राहिलेलं मूल बहुधा मधल्या गटातलं. मागेही राहिलेलं बहुधा पहिल्या गटातलं. ६०० च्या यादीची अशी विभागणी केल्याशिवाय कोणताही टक्का छापू नये.

त्यातही मुली आणि मुलगे वेगळे काढायलाच हवेत. नऊ वर्षांचा मुलगा आजीकडे सहज ठेवला जातो. बारा वर्षांच्या मुलीला आईबाप मागे ठेवायला धजत नाहीत: रात्रीची काळजी असते, आणि कोपीवर तिच्या हातांची गरजही असते. रात्रीच्या मुक्कामाची खरी सोय नसलेलं वसतिगृह या मुलीपर्यंत पोचत नाही, आणि सरासरीत ती दिसतच नाही. तालुक्याचा एकच आकडा काढला की सगळ्यात जास्त नुकसान सोसणारं मूल त्यात पुसलं जातं.

‘गेलेलं मूल म्हणजे शाळा सुटलेलं मूल’ हेही गृहीत धरता येत नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यामुळे कारखान्याजवळच्या शाळेने अशा मुलाला घ्यायचं असतं, आणि त्यासाठी शिक्षण हमी कार्ड दिलं जातं. काही मुलं तिथे खरंच शाळेत बसतात. परतल्यावर मुलाला विचारायचं: तिकडे शाळेत गेलास का, किती दिवस, वर्ग कुठे भरायचा, बाई काय शिकवायच्या? कार्ड आहे की नाही एवढ्यावर थांबू नये. कार्ड पत्र्याच्या पेटीत घडी न मोडता राहिलेलंही सापडतं.

पट, ताटं आणि डोकी

निधी मुलांच्या संख्येवर मिळत असेल तर संख्या फुगते. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हेच मांडलं: एखाद्या आकड्यावर निर्णय ठरू लागले की तो आकडा बिघडतो, आणि ज्याचं मोजमाप करायचं तेही बिघडवतो. त्यासाठी शिक्षकाला खोटारडा समजायचं कारण नाही. ५० मुलांवर मंजुरी आणि ताटाला ४२ मुलं, तर किराणा आणि स्वयंपाकीण यांचा खर्च भागवताना समिती आठ नावं काढत नाही, इतकं ते साधं असतं.

म्हणून हजेरीपत्रक हा एक पुरावा, एकमेव नव्हे. न सांगता तीन भेटी: एक शाळेच्या वेळेत, एक संध्याकाळच्या जेवणाला, एक सकाळी सातला. प्रत्येक वेळी डोकी मोजायची आणि पत्रकाशी ताडायची. शिवाय धान्याचा हिशेब. दुपारच्या पोषण आहाराचं प्रमाण पहिली ते पाचवीसाठी दररोज मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम. प्राथमिकच्या ५० मुलांना दिवसाला ५ किलो, २४ दिवसांना १२० किलो. साठा नोंदवहीत महिन्याला ९० किलोच खर्च दिसला, तर सरासरी ताटं ३७-३८ होती, पत्रक काहीही म्हणो. वसतिगृहाच्या पिठाचा आणि तेलाचा असाच हिशेब लावता येतो, फक्त आधी त्या शाळेत दोन दिवस बसून मुलामागे किती लागतं ते तोलून घ्यावं लागतं.

या भेटींचा आकडा शिक्षेसाठी वापरला की पुढच्या वर्षी खरी डोकी कधीच दिसणार नाहीत. तपासणीचा कागद निधी देणाऱ्या विभागाकडे शाळेच्या नावाने जाणार नाही, हे लेखी ठरवूनच सुरुवात करावी.

वाचन तपासताना

वाचनाचं साधन नवं बनवायची गरज नाही. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित घरोघरी तपासणारं असर सर्वेक्षण २००५ पासून वापरतं तीच पायरी चालते: प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून, जमला तर गोष्ट, नाहीतर शब्द, मग अक्षरं. एकेक मूल वेगळं बसवून, पाच-सात मिनिटांत होतं. तपासणारा त्या शाळेचा शिक्षक नसावा, आणि नमुन्याचे किमान चार वेगळे संच असावेत, नाहीतर तिसऱ्या मुलापासून गोष्ट पाठ येते.

पण इथे एक बारीक जागा आहे. मुलगी कागदावर ‘शाळेत’ बघते आणि वाचते ‘शाळंत’. ‘पाणी’ला ‘पानी’. ‘आणला’ला ‘आनला’. ‘कोणी’ला ‘कोनी’. तिने प्रत्येक अक्षर ओळखलं आहे, शब्द समजला आहे, आणि आपल्या घरच्या बोलीत उच्चारला आहे. पुण्याहून आलेला तपासनीस चार चुका लावतो आणि मुलगी गोष्टीवरून परिच्छेदावर खाली येते. शेजारच्या तालुक्यातला तपासनीस एकही चूक लावत नाही. तांड्यावरच्या, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या मुलांबाबत हा फरक आणखी वाढतो. सप्टेंबरात एक तपासनीस आणि मार्चमध्ये दुसरा असेल, तर ५-६ अंकांचा ‘परिणाम’ नुसत्या कानांच्या फरकातून निघू शकतो. उपाय: बोलीचा उच्चार चूक नाही असा नियम लिहून द्यायचा, प्रशिक्षणात २० मुलांचं वाचन ध्वनिमुद्रित करून सगळ्यांकडून तपासून घ्यायचं, आणि १८ पेक्षा कमी मुलांवर एकमत होत असेल तर पुन्हा बसायचं.

कधी मोजायचं

मार्च ही मोजण्याची सगळ्यात वाईट वेळ, कारण तेव्हा बरीच मुलं नसतात. पहिली मोजणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, टोळ्या निघायच्या बऱ्याच आधी. दुसरी जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून, शाळा उघडून मुलं स्थिरावल्यावर. तेव्हा गेलेली, राहिलेली, मधेच नेलेली सगळी गावात असतात. पेरणीमुळे काही घरी राहतात, त्यांना घरी जाऊन गाठायचं. उन्हाळ्यात थोडं विसरलं जातं हे खरं, पण ते दोन्ही गटांना सारखंच लागू आहे.

त्यानंतर आणखी एक वर्षाने तिसरी. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ दरम्यान झालेल्या, मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणाऱ्या बालसखी कार्यक्रमाच्या अभ्यासात दुसऱ्या वर्षअखेरीस वाढ ०.२८ प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं हे माप) होती. कार्यक्रम सुटून वर्ष झाल्यावर ती सुमारे ०.१० वर आली. तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून शाळा निवडून झाला होता, तरीही वाढ ओसरली. हंगामाच्या शेवटीच मोजपट्टी लावून मोकळं होणाऱ्या मोजणीला हे कधीच दिसणार नाही.

आणि वर्ष कोणतं ते लिहायचं. २०१५ च्या दुष्काळाने ऊस फार कमी उरला होता. २०१६-१७ चा गाळप हंगाम महाराष्ट्रात लवकर आटोपला. असा हंगाम आला की टोळ्या लवकर परततात, गेलेल्या मुलांचा वर्ग कमी बुडतो, दोन्ही गटांतलं अंतर घटतं आणि वसतिगृह निरुपयोगी ठरल्यासारखं दिसतं. प्रत्येक मुलाचा जाण्याचा आणि येण्याचा दिनांक नोंदवला असेल तर ‘किती दिवस बाहेर’ हाच धागा धरून दोन वेगळ्या वर्षांची तुलना जमते.

दोन तारखा

तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकणं इथे शक्य आहे का? मंजूर होऊ शकणारी मुलं वाऱ्यावर सोडून कुणी चिठ्ठी टाकू नये. पण निधी यंदा २० गावांपुरताच असेल आणि अर्ज ४० गावांचे, तर कुणाला यंदा आणि कुणाला पुढच्या वर्षी हे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात सगळ्यांसमोर चिठ्ठीने ठरवणं हे ओळखीपाळखीने ठरवण्यापेक्षा न्यायाचं आहे. त्याच यादीतून मोजणीलाही सरळ तुलना मिळते. चिठ्ठी उघडल्यावर गावं बदलायची नाहीत. एका गावाचा सरपंच भांडला म्हणून ते आत घेतलं की दोन्ही याद्या वाया.

चिठ्ठी जमली नाही तर एक स्वस्त नोंद उरते. गावातून पहिली गाडी निघाली ती तारीख, आणि वसतिगृहात पहिलं जेवण शिजलं ती तारीख. पहिली तारीख मुकादमाकडे, किराणा दुकानदाराकडे, कुठल्याही आजीकडे मिळते. दुसरी किराणा बिलावर असते. मंजुरी उशिरा आली आणि जेवण गाड्या गेल्यावर तीन आठवड्यांनी सुरू झालं, तर त्या गावात निर्णय फिरवायला कुणी आईबाप उरलेलेच नव्हते. तिथे जेवणारी जवळपास सगळी मुलं अशीही राहणारीच. जेवण गाडीच्या पंधरा दिवस आधी सुरू झालेल्या गावात मात्र आई भरलेलं ताट डोळ्यांनी बघून ठरवते.

४० गावं या दोन तारखांतल्या अंतराप्रमाणे ओळीने लावायची, आणि मागच्या दोन्ही हंगामांत गेलेल्या मुलांपैकी यंदा किती राहिली ते प्रत्येकापुढे लिहायचं. आधी सुरू झालेल्या गावांत ती संख्या ठळकपणे जास्त असेल, तर वसतिगृह मुलं थांबवतं याचा तो चांगला पुरावा. मंजुरीची तारीख गावाच्या तळमळीवर ठरली की वरच्या कार्यालयातल्या फाइलवर, एवढं मात्र विचारून घ्यायचं. उत्साही मुख्याध्यापकाने पाठपुरावा करून आधी आणली असेल, तर त्या शाळेतली मुलं एरवीही जास्त राहिली असती.

तालुक्याच्या दुसऱ्या अहवालाचा पहिला तक्ता म्हणून सहा रकाने पुरतात: गाव, पहिली गाडी, पहिलं जेवण, मागच्या दोन हंगामांत गेलेली मुलं, त्यांतली यंदा राहिलेले मुलगे, राहिलेल्या मुली. वाचनाचे टक्के त्यानंतरच्या पानावर, चुकीच्या मर्यादेसकट. भरायला केंद्रप्रमुखाला गावामागे अर्धा दिवस लागतो, आणि मागच्या हंगामांचा रकाना ऑगस्टमध्येच भरायला घ्यावा लागतो, कारण दिवाळीनंतर गावात विचारायला माणूस सापडत नाही.